काडतूस स्वतः भरताना पावडर (दारू) तेवढीच, फक्त केस म्हणजे काडतुसाचं कवच बदललं तर प्रेशर का वाढतं?

वाढतं, आणि चांगलंच. ७.६२ मि.मी.च्या लष्करी केसची भिंत सहसा जाड असते, आत जागा कमी, म्हणून तीच पावडर जास्त दाब देते. बुलेटचंही तसंच. अख्ख्या तांब्याची बुलेट त्याच वजनाच्या शिशाच्या बुलेटपेक्षा लांब, ती केसमध्ये खोल बसून जागा खाते. मॅग्नम प्रायमर (पावडर पेटवणारी, जास्त जोराची टोपी) लावलात तर आणखी भर. एक जरी भाग बदलला तरी मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या चार्जवर (पावडरच्या मापावर) परत यायचं. चपटा प्रायमर, जड उठणारा बोल्ट (बंदुकीची मागची खिटी) ही जास्त दाबाची लक्षणं फार उशिरा दिसतात. मे महिन्यात म्हापशाला उन्हात उभ्या गाडीत काडतुसं ठेवू नका, तापलेली पावडरही दाब चढवते. आणि हो, गोव्यात शेतरक्षणाच्या बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसं भरायचा परवाना नव्हे. शस्त्र कायदा, १९५९ नुसार तो वेगळा लागतो.