गिट क्लीन: छोटा एक्स, मोठा एक्स आणि माझे अकरा दिवस

गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, तुम्ही ब्रँच बदलली, जुनं मोड्यूल गेलं, पण त्याचं टार्गेट फोल्डर (बिल्ड करताना तयार झालेल्या फाइलींचं) तिथेच पडून आहे आणि गिट स्टेटस म्हणतं सगळं स्वच्छ. 'गिट क्लीनने (गिटच्या नोंदीत नसलेल्या फाइल पुसणारी कमांड) एका झटक्यात उडवू का?' हा तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. हाच झटका मी देऊन बसलोय.

इग्नोर म्हणजे गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेल्या फाइल, याहून जास्त सांगत बसत नाही. या कमांडला छोटा एक्स हा पर्याय दिला की इग्नोर केलेल्या आणि गिटमध्ये अजून ॲड न केलेल्या, दोन्ही फाइल जातात. मोठ्या एक्सने फक्त इग्नोर केलेल्या. तुम्हाला मोठाच हवाय. मी शुक्रवारी संध्याकाळी घाईत छोटा दाबला, सोबत एफ (खरंच पूस) आणि डी (फोल्डरही पूस). ॲड करायच्या राहिलेल्या टेस्ट गेल्या. त्या पुन्हा लिहिल्या, त्याचं एवढं नाही. पण डॉट-ईएनव्ही, म्हणजे पासवर्ड वगैरे ठेवायची सेटिंगची फाइल, पण गेली. आणि ती मोठ्या एक्सनेही गेलीच असती, इग्नोरच असते ना ती! रिसायकल बिनमध्ये नाही, रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदीत, नाही. गिटकडे ती कधी नव्हतीच.

तिच्यात क्लायंटच्या टेस्ट सर्व्हरच्या किल्ल्या होत्या. नव्या मागितल्या, तर हेल्पडेस्कने तिकीट दोनदा 'रिझॉल्व्ह्ड' करून बंद केलं. तिसऱ्यांदा मॅनेजरच्या मंजुरीचा स्क्रीनशॉट मागितला, तोही पीडीएफमध्ये. अकरा दिवस मी सर्व्हरविना बसून होतो. असो.

तर आधी एफच्या जागी एन (काही न पुसता फक्त यादी दाखव) द्या आणि 'वुड रिमूव्ह'ची यादी ओळ न् ओळ वाचा. डी विसरू नका, नाहीतर फोल्डर तसंच राहील. डॉट-ईएनव्ही वाचवायची तर मोठ्या एक्ससोबत ई हा पर्याय द्या आणि फाइलच्या नावाआधी उद्गारचिन्ह लावा, सगळं एकेरी अवतरणात. छोट्या एक्सला मात्र उद्गारचिन्हाशिवाय नाव लागतं. हा उलटसुलट प्रकार कुणाच्या डोक्यातून आला देव जाणे. म्हणून मी आता डॉट-ईएनव्ही प्रोजेक्टच्या बाहेरच ठेवतो. तुमच्या टीमला चालेल का, ते तुम्ही बघा.

कुणी एफ दोनदा द्यायला सांगितलं तर ऐकू नका. त्याने आत क्लोन केलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीही जाऊ शकतात. रोजच्या सफाईला मेव्हन (जावाचं बिल्ड करणारं साधन) क्लीन पुरतं. फक्त पॉममधून (मेव्हनची प्रोजेक्टची फाइल) काढलेल्या मोड्यूलकडे ते ढुंकूनही बघत नाही, तुमचं दुखणं तेच आहे.

विंडोजवर असाल तर आधी आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) बंद करा. नाहीतर जार (बिल्डमधून बनलेली जावाची फाइल) लॉक राहते आणि फोल्डर अर्धंच साफ होतं.