पहिली हाफ मॅरेथॉन खानदेशातल्या छोट्या शहरात धावावी की थेट पुण्या-मुंबईला जावे?

आपल्याकडेच धावा, हे माझे उत्तर आहे. आपण लिहिले आहे की वय चाळिशीच्या पुढे आहे, दहा किलोमीटर आता न थांबता जमतात, आणि मित्रमंडळी सांगतात की छोट्या शहरातल्या शर्यतीत नोंदलेल्या वेळेला बाहेर कोणी विचारत नाही, म्हणून पहिलीच हाफ पुण्याला किंवा मुंबईला धावावी. तयारीविषयीही आपण विचारले आहे, त्यावर पुढे थोडे लिहितो. पण वेळेला किंमत असते की नसते, हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. चोपड्यापासून साक्रीपर्यंत भूकरमापक म्हणून जमिनी मोजण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरचा काळ धावण्यात जातो आहे.

शर्यतीच्या वेळेची किंमत शहराच्या आकारावर ठरत नाही, मार्गाच्या लांबीवर ठरते. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर साडेसत्त्याण्णव मीटर. तेवढे अंतर भरले तर नंदुरबारची वेळ आणि लंडनची वेळ एकाच तोलाची, आणि भरले नाही तर कोणत्याही शहराचे नाव त्या वेळेला वाचवू शकत नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहराची मॅरेथॉन २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षे ३८० मीटर आखूड निघाली आणि हजारो धावपटूंच्या वेळा अमान्य ठरल्या. ग्लासगोची २०१६ची हाफ मॅरेथॉन सुमारे दीडशे मीटर कमी भरली. तेव्हा मोठे शहर म्हणजे अचूक अंतर, हा आपल्या मित्रांचा समज मुळातच चुकीचा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शहरात हाफ मॅरेथॉन झाली. शहराचे नाव लिहीत नाही, कारण समितीत माझी जवळची माणसे होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी पदरमोड करून ती शर्यत उभी केली होती. तापीकाठच्या एका गावातला, कापूस पिकवणाऱ्या घरातला, भरतीची तयारी करणारा एक मुलगा तिच्यात धावला. खानदेशात पहाटे कोणत्याही रस्त्याने बाहेर पडले तरी डांबराच्या कडेने अशी मुले-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि तेवढ्यासाठी ती वर्षानुवर्षे पळत असतात. या मुलाला लांबचा पल्ला मानवतो, हे मी त्याच्या पावलांवरून ओळखले होते, म्हणून मीच त्याला आग्रह करून शर्यतीत उतरवले. त्याने १ तास १९ मिनिटे ४० सेकंद अशी वेळ दिली आणि त्याच्या वडिलांनी ते प्रमाणपत्र काचेत मढवून ओसरीवर लावले.

त्याच हिवाळ्यात तो एका मोठ्या शहरात, रीतसर मोजलेल्या मार्गावर धावला आणि त्याला १ तास २० मिनिटे ५८ सेकंद लागले. आपण मागे पडलो, अशी त्याची खात्री झाली. तो मला म्हणाला, "आप्पा, दम तर तेवढाच लागला होता, मग सव्वा मिनिट गेले कुठे?" मी उत्तर शोधेपर्यंत त्याने स्वतःच्या मनाने सराव जवळजवळ दुप्पट केला होता. त्यात त्याची नडगी दुखावली आणि त्या हंगामातली भरतीची मैदानी चाचणी त्याला दुखऱ्या पायाने द्यावी लागली. अंतराचा विषय निघाला की मी कठोर बोलतो, अशी माझ्याविषयी तक्रार आहे. तिचे कारण हा मुलगा आहे.

आमच्या शर्यतीच्या दिवशी अनेकांच्या घड्याळांनी २०.९ किलोमीटरच्या आसपास अंतर दाखवले होते आणि सगळ्यांनी तो उपग्रहाच्या संकेतांचा दोष मानला होता. वास्तविक अचूक मोजलेल्या मार्गावर घड्याळ बहुधा अंतर थोडे जास्त दाखवते, कारण धावणारा माणूस प्रत्येक वळणाची आतली कड धरत नाही आणि घड्याळाने टिपलेले ठिपकेही थोडे डावी-उजवीकडे सांडत जातात. बरोबर मार्गावर ते २१.२ किंवा २१.३ दाखवील. ज्या हाफच्या शेवटी बहुतेकांची घड्याळे नेमके २१.१ दाखवतात, तीसुद्धा मी संशयास्पद मानतो. आमच्या शर्यतीत तर २१ देखील भरले नव्हते.

मग मी तो मार्ग मोजला. शर्यतीचा मार्ग मोजण्याची जगभर मान्य असलेली पद्धत सायकलची आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे छोटे यंत्र बसवतात, ते चाकाच्या एका फेरीचे वीसहून अधिक भाग पाडून मोजते. माझ्या भाच्याने ते मला परदेशातून आणून दिले होते. प्रथम एका सरळ रस्त्यावर पोलादी टेपने किमान तीनशे मीटरची रेघ आखायची, तिच्यावर सायकल चार वेळा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचे, आणि मग संपूर्ण मार्गावरून धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखून जायचे. मोजणी संपली की त्याच रेघेवर पुन्हा चार फेऱ्या. आपल्याकडे या दुसऱ्या फेऱ्यांना फार महत्त्व आहे, कारण डिसेंबरात पहाटे अंगात हुडहुडी भरते आणि दुपारपर्यंत चांगलेच ऊन चढते. टायर तापून फुगतो, चाकाचा घेर वाढतो आणि तेवढ्याच अंतराला कमी आकडे पडतात. पोलादी टेपलाही उष्णता लागते. वीस अंशांना खरी असलेली टेप चाळीस अंशांना तीनशे मीटरमागे सुमारे सात सेंटिमीटर वाढते, आणि ही दुरुस्ती करण्याची सवय मला नोकरीनेच लावलेली होती. शेवटी हिशेबात हजार मीटरमागे एक मीटर जादा धरायचा, म्हणजे मोजणाऱ्याच्या हातून बारीक फरक राहिला तरी मार्ग आखूड पडत नाही. हाफ मॅरेथॉनला ही भर २१ मीटरची होते.

आमचा मार्ग २० किलोमीटर ७३५ मीटर भरला, म्हणजे तीनशे साठ मीटरहून थोडा जास्त कमी. कारणही सापडले. परतीचे वळण मुळात एका मोरीपाशी ठरले होते, पण तिथे सावली नाही, विजेची सोय नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी पाण्याचा मंडप एका मंगल कार्यालयाच्या फाटकासमोर आला आणि त्याच्यासोबत वळणही आले. ते १७० मीटर अलीकडे सरकले, आणि जाण्यायेण्याचे मिळून ३४० मीटर गळाले. उरलेले चौकांत लावलेल्या अडसरांच्या जागा बदलल्याने गेले. त्या मुलाच्या वेगाने एवढ्या अंतराला सुमारे ८४ सेकंद लागतात. ते मिळवले तर आमच्या शर्यतीतली त्याची खरी वेळ १ तास २१ मिनिटे ४ सेकंदांच्या जवळ येते, म्हणजे मोठ्या शहरात तो मागे पडला नव्हता, उलट सहा सेकंदांनी पुढे गेला होता.

हा कागद घेऊन मी समितीतल्या एका जुन्या स्नेह्यांकडे गेलो. ते माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, मनाने उदार आहेत, आणि त्यांनी शांतपणे विचारले, "चारशे मीटरमा काय फरक पडस, आप्पा?" त्यांचे म्हणणे असे की लोक घराबाहेर पडले, धावले, हेच मोठे काम झाले. वेळा चिपने, म्हणजे धावपटूजवळच्या आपोआप वेळ नोंदवणाऱ्या छोट्या यंत्राने, घेतल्या आहेत, मग त्या खोट्या कशा? शिवाय पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर तरी १९०८ साली लंडनमध्ये राजवाड्याच्या सोयीने ठरलेले, त्याचे एवढे सोवळे कशाला? यावर माझे उत्तर तेव्हाही तेच होते आणि आजही तेच आहे. ते अंतर कसेही ठरले असले तरी १९२१पासून सर्वांसाठी एक झाले. गुंठा तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद असावा, हेही कोणा एकाच्या सोयीनेच ठरले असेल, पण ठरल्यानंतर एका भावाला तेहेतीस आणि दुसऱ्याला बत्तीस फूट मोजून देण्याचा अधिकार कोणाला उरत नाही. चिपविषयी सांगायचे तर ती फक्त वेळ मोजते. अंतर खोटे असेल तर चिपचा अचूक सेकंदही त्या खोट्यालाच चिकटतो.

फरक किती पडतो, ते उदाहरणाने सांगतो. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे याने नोव्हेंबर २०२०मध्ये दिल्लीची हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला, आणि ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय ठरला. दिल्लीचा मार्ग आमच्या मार्गाइतका आखूड असता तर त्याच वेगाने तो एका तासाच्या आत आला असता, आणि त्या आकड्यावर कोणीही विश्वास ठेवला नसता. साबळेला मोजलेला रस्ता मिळावा, हे सर्वांना पटते. तापीकाठच्या मुलालाही तोच मिळावा, एवढेच माझे म्हणणे आहे. पुढच्या वर्षी समितीने वळण पुन्हा सरकू नये म्हणून त्या जागी रस्त्यात खिळा ठोकला, त्याबद्दल मला समाधान आहे. पण आधीच्या वर्षीचे अंतर कमी होते, असे दोन ओळींचे निवेदन काढावे, ही माझी मागणी प्रायोजक नाराज होतील आणि पदके मिळवलेल्यांचा विरस होईल, या कारणांनी नाकारली गेली. ते निवेदन अजून निघालेले नाही आणि मी अजून मागतो आहे. काचेत मढवलेला एक चुकीचा आकडा एका घराच्या ओसरीवर आहे, त्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

म्हणून आपण नोंदणी करण्याआधी समितीला दोन गोष्टी विचारा: मार्ग कोणी आणि कशाने मोजला, आणि परतीचे वळण नेमके कोणत्या खुणेपाशी आहे. "मोटारसायकलवर मोजला" किंवा "मोबाइलवर पाहिला" असे उत्तर आले तर धावायला अवश्य जा, फक्त ती वेळ पुढच्या शर्यतीच्या वेळेशी ताडून पाहू नका.

असे असूनही मी आपल्याला इकडेच धावा म्हणतो, याची कारणे साधी आहेत. घरच्या अंथरुणातून उठून, घरचे पाणी पिऊन आपण सुरुवातीच्या रेषेवर उभे राहाल. रस्ता रोजच्या पायाखालचा असेल, त्यामुळे चढ कुठे लागतो आणि रस्त्याची कड कुठे कलते, हे सांगावे लागणार नाही. गर्दी कमी असल्याने पहिले किलोमीटर माणसांतून वाट काढण्यात जाणार नाही. आणि सोळाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात, तेव्हा आपल्याला नावाने हाक मारणारे कोणीतरी चौकात उभे असेल. मुंबईत लाखो लोक रस्त्यावर येतात, पण तिथे ही हाक मिळणे कठीण.

तयारीसाठी, दहा किलोमीटर जमत असतील तर बारा ते चौदा आठवडे पुरेत. आठवड्यातून एकदा लांब धाव घ्या, ती हळूहळू सोळा ते अठरा किलोमीटरपर्यंत न्या, आणि त्या दिवशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. शर्यत डिसेंबर-जानेवारीत असेल तर लांब धावा पावसाळ्याच्या शेवटी सुरू होतील, तेव्हा काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवर जाऊ नका, चिखल बुटाला चिकटून पाय मुरगळतो. आदल्या रात्री शेवभाजी खाऊ नका, पाहुणे आले तरी खाऊ नका. वरणभात किंवा साधी खिचडी पुरे. सकाळी थंडी वाजते म्हणून पाणी टाळू नका, आपल्याकडची कोरडी हवा घाम दिसूच देत नाही.

चाळिशीनंतर पहिल्यांदा एवढे अंतर धावताना डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्या. हे खरे तर सुरुवातीलाच लिहायला हवे होते. छातीत दडपण किंवा चक्कर जाणवली तर कोणत्याही किलोमीटरला थांबा. मार्च उजाडल्यानंतरच्या शर्यतींत आपल्या भागात उतरू नका, ऊन कोणाचीही भीड ठेवत नाही. आणि आपल्याला खरोखर एखाद्या मोठ्या शर्यतीसाठी पात्रतेची वेळ हवी असेल, तर मात्र मुंबईसारखा प्रमाणित मार्ग निवडणेच योग्य, तिथे माझा आग्रह मी मागे घेतो.

आपल्या शहरातली समिती मोजायला माणूस नाही असे म्हणत असेल, तर तसे मला इथेच कळवा. सायकल आणि काउंटर घेऊन मी स्वखर्चाने येईन. मोजणी धावपटूच्या वाटेने करायची असते, त्यामुळे काही ठिकाणी उलट्या बाजूने सायकल चालवावी लागते. म्हणून पहाटे चार वाजता पुढे-मागे वाहने थांबवायला दोन धीट माणसे तेवढी लागतील, आणि त्यांतले एक समितीचे असावे.