सगळ्यांची तपासणी न होताही साथ कळते, पण नोंद हवी

"तालुक्यात घरोघरी ताप-खोकला आहे, तपासणी कोणाचीच होत नाही. उद्या खरंच नवी साथ आली तर सरकारला कळणार कशी?" असं तुम्ही विचारलंय. साथरोग सर्वेक्षणात बरीच वर्षं काम केलंय म्हणून सांगतो, साथीचा सुगावा लागायला प्रत्येकाचा स्वॅब घ्यावा लागत नाही. रुग्ण नेहमीपेक्षा वाढलेत, एवढं वेळेवर दिसलं तरी पुरतं.

त्यासाठी २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणांवरून एस फॉर्म भरते, डॉक्टर पी फॉर्म आणि प्रयोगशाळा एल फॉर्म. पूर्वी हे आठवड्याला जायचं, २०२१ पासून आयएचआयपी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर रोज भरता येतं.

पावसाळ्यात आपल्याकडे फ्लू वाढतोच. म्हणून तुलना मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षांतल्या त्याच आठवड्यांशी करायची. मी मात्र ओपीडीच्या आकड्याआधी सारीचे, म्हणजे ताप-खोकल्याने दाखल करावे लागलेले रुग्ण बघतो. एकाच वाडीतले तिघे न्यूमोनियाने दाखल, धडधाकट तरुणाला अचानक ऑक्सिजन, किंवा वॉर्डातली सिस्टरच आजारी, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच जिल्ह्याला फोन. मग स्वॅब व्हीटीएममध्ये, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रावणात घालून शीतपेटीतून प्रयोगशाळेकडे. तेही नुकत्याच आजारी पडलेल्यांचे, कारण आठवडा उलटला की विषाणू सापडणं अवघड होतं.

रुग्ण नसेल तेव्हा शून्यसुद्धा भरायलाच हवा. रकाना मोकळा राहिला तर गाव ठणठणीत आहे की कर्मचारी रजेवर आहे, हे जिल्ह्यात बसलेल्याला कळत नाही.

खरं भगदाड आहे ते खासगी दवाखान्यांत. ताप आला की माणूस आधी मेडिकलमधून गोळी घेतो, मग जवळच्या डॉक्टरांकडे जातो. यातले कितीतरी रुग्ण पोर्टलवर येतच नाहीत. २००९ मध्ये विमानतळांवर प्रवाशांची तपासणी चालू होती, तरी स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला. आत शिरलेला आजार आधी दिसतो तो गल्लीतल्या दवाखान्यातच, आणि तिथली नोंद आपण अजूनही ऐच्छिक असल्यासारखी चालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही आजच आशाताईंना गाठा. किती घरांत आजारी आहेत, कधीपासून, कोणाला धाप लागली किंवा दाखल केलं का, एवढं सांगा. ओळखीच्या डॉक्टरांनाही विनंती करा, की रोजचा ताप-खोकल्याचा आकडा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवत जा.