पेटाऱ्यातलं हिब्रू पुस्तक, शोभेची गुंडाळी आणि आजीचा केतुबा

वाचकांचे प्रश्न : जुनी पुस्तकं, जुन्या वस्तू

मागे या सदरात अलिबागच्या इस्रायल आळीचा उल्लेख केला, तेव्हापासून हिब्रू पुस्तकांबद्दल पत्रं येतायत. मी अलिबागच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरातली. वडील बाइंडिंगचं काम करायचे. तेच काम आणि जोडीला जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री मी करते. हिब्रू वाचता येतं म्हणून या वस्तू माझ्या टेबलापर्यंत पोचतात. या वेळी फक्त त्यांचीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही रेवदंड्याजवळ जुनं घर विकत घेतलं. माळ्यावर पत्र्याचा पेटारा होता. त्यात एक पुस्तक निघालं, अर्धा मजकूर मराठी, अर्धा ओळखू न येणाऱ्या लिपीत. नऊवारी नेसलेल्या बायका पीठ मळतायत, लाटतायत अशी चित्रं आहेत. एकाने चित्रांची पानं वेगळी करून विकायचा सल्ला दिला. किंमत किती येईल?
*(एक वाचक, नागाव)*

उत्तर : आधी ती पानं वेगळी करू नका. बाकी सगळं नंतर.

तुमच्या वर्णनावरून हा हगादा वाटतो. पेसाहच्या सणाच्या रात्री घरातली सगळी माणसं एकत्र बसून मिसरमधून सुटकेची कथा वाचतात, ती या पुस्तकातून. हिब्रू-मराठी हगादा मुंबईत 1846 मध्ये शिळाछापावर निघाला. पुढे 1874 मध्ये पुण्यात चित्रांचा हगादा छापला गेला आणि त्यात आपल्याकडच्या बायका लुगडी नेसून बिनखमिराच्या भाकऱ्या, म्हणजे मत्झा, करताना दाखवल्या आहेत. तुमच्याकडे तोच असेल तर पेटारा चांगला निघाला. पण त्याच्या हुबेहूब प्रती नंतरही निघाल्या, तेव्हा आधी कागद बघा. कागद पांढरा, गुळगुळीत आणि एकसारखा असेल तर प्रत अलीकडची. पान खिडकीकडे तिरकं धरून मागची बाजूही बघा. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षरं कागदात रुततात, मागे बोटाला खडबडीत लागतं. शिळाछापात अक्षर दगडावरून कागदावर उतरतं, त्यामुळे पाठ सपाट राहते आणि अक्षरांना हाताच्या लिखाणाचं वळण असतं.

साल कळण्यासाठी हिब्रू यायलाच हवं असं नाही, एखाद्या जाणकाराकडून चार अक्षरं ओळखून घेतली की पुरे. आमच्याकडे अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते आणि सालातले हजार बहुधा लिहीत नाहीत. ताव म्हणजे 400, रेश 200, लामेद 30, दालेत 4. बेरीज 634. तिच्यात 1240 मिळवले की 1874. आमचं वर्ष नव्याच्या सणाला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो.

आता पानं पूर्ण आहेत का ते बघा. बऱ्याच जुन्या हिब्रू पुस्तकांत पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एकच शब्द सुटा छापलेला असतो. पुढच्या पानाचा पहिला शब्द तोच. लिपी येत नसली तरी आकार जुळवता येतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे जातं, तेव्हा सुरुवात आपल्याला जो शेवट वाटतो तिथून करा. जिथे शब्द जुळत नाही तिथे पान गेलेलं आहे.

किमतीचं सांगते. पुस्तकाला मोल येतं ते सगळी पानं, सगळी चित्रं आणि मूळ बांधणी शिल्लक असेल तर. चित्रं काढून फ्रेम करून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दोन-चार चित्रांचे पैसे येतात आणि पुस्तक कायमचं मरतं. दुसरी गोष्ट, आतल्या कोऱ्या पानांवर काही लिहिलंय का? बेने इस्रायल घरांतून जन्म-मृत्यू, लग्नं, कोण कधी मुंबईला गेलं हे प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहायची पद्धत होती, कधी बाळबोधीत तर कधी मोडीत. माझ्या हातात आलेल्या एका पुस्तकात मुलाच्या जन्माची नोंद आहे आणि तिच्याखाली वेगळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात, त्याच मुलाच्या मृत्यूची. अशी नोंद असलेली प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा केव्हाही मोठी, मग गिऱ्हाईक काही म्हणो. त्यात गावाचं नाव, आडनाव सापडलं तर त्या घराण्याचा माग काढा. नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर... आमची आडनावं गावांवरूनच आहेत. माणसं इस्रायलला गेली असतील, पण आळीत कोणी ना कोणी त्यांच्या नात्यातलं असतं. विकण्याआधी त्यांना विचारावं असं मला वाटतं. तुमच्यावर सक्ती नाही.

डाग पुसू नका. काळसर-तांबडे डाग बहुतेक काळ्या मनुकांच्या शरबताचे असतील. द्राक्षाच्या दारूऐवजी आम्ही तेच किद्दुशला, म्हणजे सणाच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, वापरतो. हे पुस्तक ताटाशेजारी उघडं असायचं, याचा तो पुरावा आहे. कसर असेल तर प्रत्येक पान मऊ ब्रशने झाडा. पुस्तक सुती कापडात बांधून वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा, पानांना लावून नको. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, आपल्या हवेत आत पाणी सुटतं.

प्रश्न : माझ्याकडे बायबलचं जुनं, हाताने लिहिलेलं हिब्रू पान आहे. अमेरिकेत एक हिब्रू बायबल तीनशे कोटींना गेलं म्हणतात. माझ्या पानाचे लाखभर तरी येतील का?
*(एक वाचक, पनवेल)*

उत्तर : तुम्ही म्हणताय ते कोडेक्स सासून. 17 मे 2023 रोजी न्यूयॉर्कला सदबीच्या लिलावात ते 3 कोटी 81 लाख डॉलरला गेलं आणि तेल अवीवच्या ‘अनू’ संग्रहालयाकडे पोचलं. नववं शतक संपताना किंवा दहावं सुरू होताना लिहिलेलं हे हिब्रू बायबल जवळजवळ पूर्ण आहे. ज्यांचं नाव त्याला आहे ते डेव्हिड सॉलोमन सासून 1880 साली मुंबईतच जन्मले. सासून मंडळी मूळ बगदादची, आम्हा कोकणातल्या बेने इस्रायलांपेक्षा वेगळी. त्यांनी 1929 मध्ये ते विकत घेतलं आणि 1932 मध्ये आपल्या संग्रहाची दोन खंडांची सूची छापली, ‘ओहेल दाविद’ नावाची.

पण मला त्या पोथीतली एक छोटी नोंद फार मोलाची वाटते. सीरियातल्या मकिसिन गावच्या सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनाघराला, ही पोथी दिलेली होती. पुढे ते सिनेगॉग उद्ध्वस्त झालं. पोथी सलामा इब्न अबी अल-फख्र नावाच्या गृहस्थाकडे सांभाळायला सोपवली आहे, सिनेगॉग पुन्हा उभं राहीपर्यंत, असं तिच्यातच लिहून ठेवलंय. हात बदलले ते पोथीवरच नोंदले गेले, म्हणून आज तिची गोष्ट सलग सांगता येते.

तुमच्या पानाचं काय, हे फोटोवरून सांगणार नाही. ते तुमच्याकडे कुठून आलं, कोणाच्या घरातून, कधी, हे आजच्या तारखेने एका कागदावर लिहा आणि पानासोबत ठेवा. वडीलधारं कोणी असेल तर त्यांना आजच विचारा.

प्रश्न : मुरुडला एका दुकानात चामड्यावर लिहिलेली लांबलचक हिब्रू गुंडाळी दाखवली. हॉलमध्ये लावायला तुकडा कापून देऊ म्हणाले. ती धार्मिक वस्तू असेल का? घ्यावी का?
*(एक वाचक, मुरुड)*

उत्तर : घेऊ नका, आणि कापूही देऊ नका.

सेफेर तोरा, म्हणजे सिनेगॉगमध्ये वाचायची धर्मग्रंथाची हातलिखित गुंडाळी, असेल तर तो कसा ओळखायचा ते सांगते. मजकूर उभ्या रकान्यांत असतो. स्वरचिन्हं नसतात, पानांचे आकडे नसतात. काही अक्षरांच्या डोक्यावर बारीक रेघांचे तुरे असतात. चामड्यावर शाईशिवाय, नुसत्या टोकाने ओढलेल्या ओळी दिसतील आणि अक्षरं त्या ओळीवर उभी नसून तिच्याखाली लोंबतात, आपली देवनागरी शिरोरेघेला लोंबते तशी. चामड्याचे तुकडे एकमेकांना जनावराच्या शिरेच्या दोऱ्याने शिवलेले असतात. एस्तेरची मेगिल्ला, म्हणजे एस्तेर राणीची कथा, हीही गुंडाळीच, पण ती पुष्कळ लहान असते आणि होळीच्या दिवसांत येणाऱ्या पुरीमच्या सणाला वाचतात.

तोरात 304,805 अक्षरं. सोफेर, म्हणजे ती लिहिणारा लेखनिक, पिसाच्या लेखणीने एकेक अक्षर लिहितो. एक अक्षर तुटलं किंवा उडालं तरी दुरुस्त होईपर्यंत तो तोरा वाचायला चालत नाही. दुरुस्तीच्या पलीकडे गेला तर फेकत नाहीत, जाळत नाहीत, कब्रस्तानात पुरतात, माणसाला पुरावं तसं. आता त्याचा एक तुकडा सोफ्याच्या वर लावायचा म्हणजे काय, हे तुम्हीच बघा.

1948 नंतर आमच्या गावागावांतून माणसं इस्रायलला गेली. जिथे दहा पुरुष जमून प्रार्थना व्हायची तिथे कुलूप लागलं. अशा जागेतून वस्तू बाहेर पडतात, कधी ट्रस्टींच्या संमतीने, कधी कोणाला न कळता. दुकानदाराला एवढंच विचारा : ही कोणी दिली, त्याचा कागद आहे का? उत्तर गोलमोल आलं तर अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल यांपैकी जवळच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांना कळवा. तुकडे झाले तर परत जोडता येणार नाही, म्हणून जरा घाई करा.

प्रश्न : चौलला एक पितळी दिवा मिळाला. त्यावर सहा कोनांची चांदणी आणि हिब्रू अक्षरं. विकणारा म्हणतो, दोनशे वर्षांपूर्वीचा यहुदी हनुक्काचा दिवा.
*(एक वाचक, थळ)*

उत्तर : चांदणीवर जाऊ नका, षट्कोन हिंदू यंत्रांत आहे आणि मुसलमानी नक्षीतही. हनुक्काच्या सणाला आठ वाती आणि एक शमाश, म्हणजे बाकीच्या पेटवायचा दिवा, असे नऊ दिवे लागतात, ते मोजा. कोकणातल्या घरांत यासाठी बहुतेक साधी लाकडी फळी असायची, तिला कड्या आणि कड्यांत काचेचे छोटे पेले, खोबरेल तेल आणि वात. अशा फळ्या कोणी जपल्या नाहीत, कारण त्या भारी दिसत नव्हत्या. मला मात्र पितळी झगमगाटापेक्षा तशी एखादी तेलकट फळी मिळाली तर जास्त आनंद होईल.

अक्षरं भिंगाखाली बघा. जुन्या पितळेवर नवी अक्षरं कोरली की खोबणीतला धातू पिवळाधमक दिसतो आणि आजूबाजूचा काळपट. नक्कल करणाऱ्याला दालेत आणि रेश, ‘हे’ आणि खेत अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांतला फरक कळत नाही. कधी सगळा शब्दच उलटा, डावीकडून लिहिलेला असतो. खात्री होईपर्यंत चिंच लावून घासू नका, कोरीवकामाचं वय त्या काळेपणातच असतं.

प्रश्न : ताई, शालोम. माझ्या आजीचा 1938 सालचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, घरात आहे, हाताने लिहिलेला, कडेला वेलबुट्टी, वर दोन पाखरं. भाचा इस्रायलमधल्या अश्दोदहून आलाय, तो बॅगेत घालून नेतो म्हणतो. घड्यांवर फाटलाय, लॅमिनेट करून देऊ का?
*(एक वाचक, रोहा-अष्टमी)*

उत्तर : शालोम. लॅमिनेशन नको ग बाई. चिकटपट्टीही नको. गरम प्लास्टिकमध्ये एकदा गेला की शाईसकट अडकतो, पुन्हा निघत नाही. घड्या उघडून, दोन स्वच्छ पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेव आणि वर जाड पुठ्ठा.

भाच्याला सांग, बॅगेत नेता येणार नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांच्या वस्तू येतात, पण हस्तलिखितं आणि दस्तऐवजांना 75 वर्षं पुरतात, त्यांना ऐतिहासिक किंवा कलेचं मोल असलं म्हणजे झालं. 1938 चा हाती लिहिलेला, रंगवलेला केतुबा त्यात बसू शकतो आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर अडवला तर कागद जाईल आणि पोरगा नसत्या भानगडीत सापडेल. चित्रं असलेलं हस्तलिखित नोंदवावंही लागतं. म्हणून आधी दोन्ही बाजूंचे फोटो आणि लांबी-रुंदी घेऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई कार्यालयात विचार. हा कागद कायद्यात येतो का, नोंदणी लागते का, हे तिथून लेखी घे. येत नाही असं त्यांनी लिहून दिलं, तरच भाच्याने तो न्यावा.

तोवर त्याला चांगली प्रत काढून दे. सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो घ्यायचे. केतुबाचा मजकूर अरामी भाषेत असतो, तो वाचता येत नसेल तर पाठव, मी मराठीत उतरवून देईन. नवरा-नवरीची नावं, तारीख, गाव, साक्षीदारांच्या सह्या, सगळं. सह्या करणाऱ्यांत कोण कोणाचं कोण लागतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून फोटोच्या मागे पेन्सिलने लिही. पेन नको.