टॅबमधलं शेत कॉम्प्युटरवर नेता येईल का?

प्रश्न : ताई, देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. हंगामात मी पेट्या भरण्यात असतो आणि मुलं टॅबवर. आठवीतली मुलगी स्टारड्यू व्हॅली नावाचा शेतीचा खेळ खेळते. आता टॅबच्या डाव्या कडेला बोट लागतच नाही. तिच्या मावसभावाने तोच खेळ आमच्या कॉम्प्युटरवर घेऊन दिला, पण तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तिचं शेत तिसऱ्या वर्षात आहे, म्हणून ती रडकुंडीला आली आहे. ते शेत तिकडे नेता येईल का? धाकटा म्हणतो, फाइल उघडून त्यात पैसेही वाढवता येतात. खरं आहे का?

उत्तर : दादा, शेत जसंच्या तसं नेता येतं. जनावरं, पेटाऱ्यांत साठवलेल्या वस्तू, गावकऱ्यांशी जमलेली मैत्री, सगळं एकाच फोल्डरमध्ये असतं. तिला आधी एवढं सांगा, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल.

पहिलं काम तिनेच करायचं. या खेळात रात्री झोपलं की तो दिवस जतन होतो. दुपारपर्यंत पाणी घालून, मासे पकडून मध्येच टॅब जोडला, तर त्या दिवसाचं काम नव्या ठिकाणी दिसेलच असं नाही. तेव्हा तिला खेळात झोपू दे, सकाळ उजाडली की खेळ पूर्ण बंद करू दे. मग दोन्हीकडचा खेळ अपडेट करा. १.६ ही आवृत्ती कॉम्प्युटरवर मार्च २०२४ मध्ये आली आणि मोबाइल-टॅबवर नोव्हेंबर २०२४ मध्ये. नव्या आवृत्तीत खेळलेलं शेत जुनी आवृत्ती उघडत नाही. उद्या शेत पुन्हा टॅबवर न्यायचं झालं तर गाडी नेमकी इथेच अडते.

आता केबल. मालवणात माझ्या दुकानात बरीच माणसं ‘टॅब कॉम्प्युटरवर दिसतच नाही’ म्हणून येतात आणि पुष्कळदा केबल फक्त चार्जिंगची निघते. फाइली वाहून नेणाऱ्या तारा तिच्यात नसतातच. टॅबसोबत आलेली मूळ केबल शोधा. ती जोडल्यावर टॅबवर वरची पट्टी खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. कॉम्प्युटरवर टॅबचा साठा उघडला की ‘अँड्रॉइड’, त्यात ‘डेटा’, त्यात चकलफिश (खेळ आधी प्रकाशित करणारी कंपनी) आणि स्टारड्यू व्हॅली ही नावं एकत्र असलेलं फोल्डर, त्यात ‘फाइल्स’, आणि त्यात ‘सेव्हज’. ही शोधाशोध टॅबवरच्या फाइल ॲपमधून करत बसू नका. अँड्रॉइड ११ पासून त्या ॲपना तिथे शिरायला मज्जाव आहे. केबलने मात्र बहुतेक टॅबवर ते फोल्डर दिसतं. टॅब ॲपलचा असेल तर कॉम्प्युटरवरच्या ॲपलच्या प्रोग्राममध्ये ‘फाइल शेअरिंग’ पाहा, तिथे खेळाचं नाव सापडेल.

‘सेव्हज’मध्ये एक नाव आणि त्यापुढे लांबलचक आकडा असलेलं फोल्डर असेल. तेच तिचं शेत. आत दोन महत्त्वाच्या फाइली असतात. एकीचं नाव फोल्डरसारखंच, दुसरीचं ‘सेव्ह गेम इन्फो’. एकेक फाइल उचलू नका, अख्खं फोल्डर कॉपी करा. ‘कट’ अजिबात नको. नावही बदलू नका, कारण फोल्डरचं आणि आतल्या फाइलचं नाव सारखं नसेल तर खेळाला शेत सापडत नाही.

पहिली प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि तो पेनड्राइव्ह कपाटात टाका. मी हे प्रत्येकाला सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, टॅब कधी कायमचा डोळा मिटेल याचाही नसतो. बंद पडलेला टॅब घेऊन एक आजी आल्या होत्या. पहिलाच प्रश्न, ‘नातवाचा सगळा गेला काय गो?’ टॅबच्या किमतीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. नातवाची मेहनत त्यांना कळली होती, म्हणून मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

प्रत ठेवून झाली की कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत टक्क्याची खूण, ‘ॲपडेटा’ आणि पुन्हा टक्क्याची खूण असं जोडून रोमन अक्षरांत टाइप करा आणि एंटर द्या. तिथे स्टारड्यू व्हॅली, त्यात ‘सेव्हज’. तिचं फोल्डर इथे पेस्ट करा. ही जागाच दिसत नसेल तर खेळ एकदा सुरू करून बंद करा. पुढे कधी स्टीमने, म्हणजे कॉम्प्युटरवर असे खेळ विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या ॲपने, ‘दोनपैकी कुठली प्रत ठेवू?’ असं विचारलं तर तारीख आणि वेळ वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

धाकट्याचं म्हणणंही खरं आहे. फोल्डरच्याच नावाची ती फाइल साध्या मजकुराची, एक्सएमएल पद्धतीची असते. खेळ बंद करून ती नोटपॅडमध्ये उघडा आणि कंट्रोल-एफने रोमन अक्षरांत ‘मनी’ शोधा. टोकदार कंसातल्या दोन खुणांच्या मधला आकडाच तेवढा बदलायचा, कंसाला हात लावायचा नाही. एक कंस पुसला गेला तरी शेत उघडणार नाही, मग कपाटातला पेनड्राइव्ह काढावा लागेल. शेताचं नाव बदलायचं असेल तर ते दोन्ही फाइलींत बदलावं लागतं, कारण सुरुवातीच्या यादीत दिसणारं नाव दुसऱ्या फाइलमधून येतं. खेळाच्या भाषांमध्ये मराठी नाही, तेव्हा नाव रोमन अक्षरांतच ठेवा.

पण दादा, शेत त्याच्या बहिणीचं आहे. तिसरं वर्ष लागताना खेळातले आजोबा येऊन शेत पाहून जातात आणि त्यांच्या गुणांमध्ये एकूण कमाई मोजली जाते. ती कमाई फाइलमध्ये वेगळ्या ठिकाणी नोंदलेली असते, हातातले पैसे वाढवले म्हणून ती वाढत नाही. मुलीने तो हिशेब पीक काढून जमवला आहे. धाकट्याला फाइलीत बोट घालायची हौस असेल तर त्याने स्वतःचं नवं शेत सुरू करावं आणि त्यात हवे तेवढे आकडे बदलावेत. अशा खटपटीतून मुलं खरंच शिकतात, त्याला अडवू नका. तिच्या शेताला हात लावायचा तर तिला विचारूनच.

प्रश्न : माझ्या मुलाने टॅबवर माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात सिंधुदुर्ग बांधला आहे, बाहेरून न दिसणाऱ्या महादरवाजासकट. शाळेत कॉम्प्युटरवर दाखवायचा आहे. कसा न्यायचा? (रत्नागिरीहून एक आई)

उत्तर : दरवाजा लपवण्यापर्यंत बारकाईने बांधलाय म्हणजे त्याने किल्ला नीट पाहिला आहे. शाळेत नक्की दाखवा. जगाच्या नावाजवळच्या पेन्सिलीवर बोट ठेवा, तिथे ‘एक्स्पोर्ट वर्ल्ड’ सापडेल. त्यातून एकच फाइल तयार होते. विंडोजच्या कॉम्प्युटरवर तिच्यावर दोनदा क्लिक केलं की जग उघडतं.

आधी शाळेत विचारून घ्या, तिथे बेडरॉक आवृत्ती आहे की जावा. टॅबवरची आवृत्ती बेडरॉक असते. दोघींची जग साठवायची पद्धत निराळी, त्यामुळे ही फाइल जावामध्ये थेट उघडत नाही. नोटपॅडमध्येही ती उघडायला जाऊ नका, आत वाचण्यासारखा मजकूर नसतो. आणि दाखवताना उडता यावं म्हणून जग क्रिएटिव्हमध्ये बदलणार असाल, तर ते मूळ जगात करू नका, त्याची प्रत काढून तिच्यात करा. एकदा क्रिएटिव्ह केलं की त्या जगात अचिव्हमेंट, म्हणजे खेळातल्या कामगिरीची बक्षिसं, मिळणं कायमचं बंद होतं.

प्रश्न : ऑनलाइन लढाईच्या खेळातली नाणी अशीच वाढवता येतील का? तसं करून देणारं एक ॲप गुगलचा पासवर्ड मागतंय. (वेंगुर्ल्याचा एक विद्यार्थी)

उत्तर : नाही रे बाळा. त्या खेळांतल्या नाण्यांची खरी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. तुझ्या फोनवर दिसणारा आकडा बदलला तरी ती बदलत नाही. पासवर्ड मागणारं ॲप आजच काढून टाक. दिला असशील तर लगेच बदल, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू कर आणि घरी सांग. त्याच खात्यावर घरच्यांचे फोटो किंवा पैशाचे व्यवहार असतील तर त्यांनाही तपासून घ्यावं लागेल.