हिशेब येतो, पण वेळ लागतो

प्रश्न : मी ३९ वर्षांची, पतसंस्थेत कॅश काउंटरवर आहे. काही वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं निदान झालं. औषधं चालू आहेत, चालता-फिरता येतं. पण हल्ली नोटा मोजताना समोरचा काही बोलला की आकडाच जातो. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. सासूबाई म्हणतात, हिचं कशात लक्षच नसतं. मुलाने मोबाईलवर मेंदूचे खेळ घालून दिलेत, ते रोज खेळते. मला विसरण्याचा आजार लागतोय का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र नीट वाचलं. तुम्ही कुठेही ‘हिशेब येईनासा झाला’ असं लिहिलेलं नाही. मध्ये कुणी बोललं की तो मोडतो, एवढंच लिहिलंय. आजारातही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणं हे ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम, आणि तशी थेरपिस्ट म्हणून मला तिथेच धागा सापडतो. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं, त्यामुळे निरोप पोचायला उशीर होतो. एमएस असलेल्या साधारण निम्म्या लोकांना विचारांचा वेग, लक्ष किंवा स्मरण यात कमी-अधिक अडचण येते, आणि वेग हा त्यात सगळ्यात आधी मार खातो. तेव्हा सासूबाईंना सांगा, हा निष्काळजीपणा नाही, आजाराचाच भाग आहे. एकोणिसाव्या शतकात शार्को या फ्रेंच डॉक्टरांनीसुद्धा त्याची नोंद करून ठेवली होती.

हा वेग मोजता येतो. नऊ चिन्हं, प्रत्येकाला एक अंक, आणि ९० सेकंदांत चिन्ह बघून अंक सांगायचा, अशी एक साधी चाचणी आहे. न्यूरॉलॉजिस्टना सांगून ती करून घ्या. आजचा आकडा कागदावर आला की पुढच्या वर्षी ताडून बघता येईल.

आता मोबाईलचे खेळ. आवडत असतील तर खेळा, पण त्या खेळात हात बसला म्हणून काउंटरवर फरक पडेलच असं नाही. मला त्यापेक्षा काउंटरच बदलायला आवडेल. गड्डी हातात असताना उत्तर द्यायचं नाही. ‘एक मिनिट हं’ म्हणायचं आणि शंभर नोटा झाल्या की कागदावर रेघ ओढायची. मग मध्ये कुणी बोललंच, तर शेवटच्या रेघेपासून मोजायचं, पहिल्यापासून नाही. मोठा भरणा सकाळी घ्या, दुपारनंतर थकवा चढतो. साहेबांना सांगून कॅशवर सलग बसण्याऐवजी मध्ये पासबुकाचं काम मिळतंय का बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घ्यायला हरकत नाही.

कुकरचं म्हणाल तर शिट्ट्या मोजणं सोडूनच द्या. फोडणी, मुलाचा अभ्यास आणि शिट्ट्या ही तीन कामं एकाच वेळी होतात, आणि घरातल्या कुणाला ते कामच वाटत नाही! पहिली शिट्टी झाली की मोबाईलवर गजर लावा. टायमरवर आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी जमली तर उत्तमच.

लक्षात ठेवायच्या गोष्टींची एकच वही करा, चार चिठ्ठ्या नकोत. वही हाताशी नसेल तेव्हा चित्र रचा: वीजबिल, कोथिंबीर, मुलाचा कंपास असेल, तर बिलाच्या कागदात गुंडाळलेली कोथिंबीर आणि तिच्यात खुपसलेला कंपास. हसू येईल, पण या धर्तीच्या सरावाची अमेरिकेत रीतसर चाचणी झाली आहे. २०१३ साली तिचे निष्कर्ष आले, दहा सत्रांनंतर एमएसच्या रुग्णांची नवं शिकून लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली होती.

उन्हाळ्यात जास्त गोंधळ होतो का, हे तुम्ही लिहिलं नाही. अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात, उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने ते १८९० मध्ये नोंदवलं. कडकडीत पाण्याची अंघोळ टाळा, पंख्याखालची खुर्ची मागून घ्या.

आणि सगळं एमएसच्या माथी मारू नका. झोप, उदासी, थायरॉइड, बी-१२ हे तपासा, मांसाहार करत नसाल तर बी-१२ आधी. पुढच्या भेटीत सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. लघवीच्या घाईवरच्या काही गोळ्यांनी आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या गोळ्यांनीही डोकं जड होतं. तुमची अशी एखादी गोळी चालू असेल तर न लाजता दाखवा. मनाने मात्र बंद करू नका, बदलायची की डोस कमी करायचा ते डॉक्टर ठरवतील.