महिला ग्रामसभेतला ठराव पुढे का जात नाही?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातल्या गावची ग्रामपंचायत सदस्य, वय २३. महिला ग्रामसभेत आम्ही बोलतो, पण पुढे काहीच होत नाही.

उत्तर : महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या, तरी नुसतं बोलणं कागदावर उरत नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे मागणी एका वाक्यात लिहा, खाली सूचक-अनुमोदकांची, म्हणजे ठराव मांडणारीचं आणि तिला पाठिंबा देणारीचं, नावं घाला. प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) देऊन पोच घ्या. मग मुख्य ग्रामसभेत तुम्हीच वाचा. खरी गळती इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत होते : रजिस्टर घरी येतं, कोऱ्या जागेखाली सही घेतली जाते, मजकूर नंतर भरतात. तशी सही कुणी कितीही आग्रह केला तरी देऊच नका, ताई.